‘बाय’ बटण दाबलं, पैसे गेले. पण सिनेमा खरंच तुमचा झाला का?

३१ मार्च २०२३ आठवतोय? त्या दिवसानंतर डिस्ने प्लस हॉटस्टारवरून एचबीओच्या मालिका गायब झाल्या. कुणाचं ‘गेम ऑफ थ्रोन्स’ अर्ध्यावर राहिलं, तर ‘सक्सेशन’चा शेवटचा सीझन जेमतेम सुरू झाला होता. पुढे त्याच मालिका जिओसिनेमावर आल्या. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही अ‍ॅप एकत्र येऊन जिओहॉटस्टार झालं आणि मालिका फिरून जवळपास जुन्याच घरी पोचल्या. या सगळ्यात प्रेक्षकाला कुणी विचारलं? कुणीच नाही.

तिथे आपण फक्त सबस्क्रिप्शन भरत होतो, त्यामुळे दोन दिवस चिडचिड झाली आणि विषय संपला. पण समजा तुम्ही तोच सिनेमा, ते कॉमिक किंवा तो गेम पैसे मोजून ‘विकत’ घेतला असता तर? तरीही तो एक दिवस गायब होऊ शकतो का?

हो, होऊ शकतो. आणि तसं अनेकदा झालंय. सुपरहिरो कॉमिक्स, अ‍ॅनिमे, गेम्स आणि सिनेमे यांच्या चाहत्यांमध्ये गेली काही वर्षं जो सगळ्यात मोठा वाद चालू आहे, तो याच गोष्टीवरून. बॅटमॅन भारी की आयर्न मॅन, हा वाद बाजूला ठेवा. इथे भांडण मालकीचं आहे. चला, सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी तीन शब्द वेगळे करूया

अ‍ॅपमध्ये काही बघायचे साधारण तीन मार्ग असतात.

पहिला, सबस्क्रिप्शन. महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरा आणि जे आहे ते बघा. अ‍ॅपवर काय ठेवायचं, काय काढायचं हे कंपनी ठरवते. यात कुणाची फसवणूक नाही, कारण तुम्हीही ते मान्य केलेलं असतं.

दुसरा, रेंट म्हणजे भाड्याने. यूट्यूबवर सिनेमा भाड्याने घेतला की साधारण ३० दिवसांत बघायला सुरुवात करायची आणि एकदा सुरू केला की ४८ तासांत संपवायचा. हाही व्यवहार स्वच्छ आहे.

तिसरा, बाय. इथे गडबड आहे. रेंटपेक्षा जास्त पैसे द्यायचे, सिनेमा तुमच्या लायब्ररीत दिसायला लागतो आणि तुम्ही समजता की झाला आपला. पण अटी-शर्तींचं लांबलचक पान वाचलं (जे आपण कधीच वाचत नाही) तर त्यात बहुतेक वेळा एक शब्द सापडतो: लायसन्स. म्हणजे परवाना. तुम्ही सिनेमा घेतलेला नसतो, तो बघायची परवानगी घेतलेली असते. आणि ही परवानगी काही कारणांनी परत घेता येते, हेही त्याच पानावर लिहिलेलं असतं.

घराचं उदाहरण घ्या. सबस्क्रिप्शन म्हणजे लॉजवरची खोली. रेंट म्हणजे दोन दिवसांसाठी घेतलेला हॉल. आणि ‘बाय’ म्हणजे तुम्हाला वाटतं फ्लॅट घेतला, पण कागद बघितला तर तो भाडेकरार निघतो. फरक इतकाच की आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या करारात निदान तारीख लिहिलेली असते. इथे तीही नसते.

कागदाचं कॉमिक आणि फोनमधलं कॉमिक

घरात जुनी कॉमिक्स असतील तर ती हातात घेऊन बघा. ती तुम्ही भावाला देऊ शकता, मित्राच्या कॉमिकशी अदलाबदल करू शकता, रद्दीत घालू शकता किंवा जुनी पुस्तकं घेणाऱ्याला विकू शकता. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात, मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ फुटपाथवर मिळतात. हा सगळा व्यवहार कायदेशीर आहे. छापलेली प्रत एकदा विकली गेली की त्या प्रतीवर प्रकाशकाचा ताबा संपतो. गोष्टीचा कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो, म्हणजे तुम्ही झेरॉक्स काढून विकू शकत नाही. पण ती एक प्रत मात्र तुमची. अमेरिकेत हे तत्त्व तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९०८ मध्येच मान्य केलं होतं.

सुपरहिरो कॉमिक्सची अख्खी संस्कृती या एका हक्कावर उभी राहिली आहे. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात. किंमत होती १० सेंट. त्याच अंकाची एक प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली. हे शक्य झालं, कारण ८६ वर्षं ती प्रत कुणाच्या ना कुणाच्या हातात होती आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होती.

डिजिटल कॉपीचं असं होत नाही. अमेरिकेत ‘रीडिजी’ नावाच्या एका कंपनीने वापरलेली डिजिटल गाणी पुन्हा विकायचा प्रयत्न केला होता. तुम्ही विकत घेतलेली फाइल दुसऱ्याला द्यायची आणि तुमच्याकडची पुसायची, अशी कल्पना. पण कोर्टाने २०१८ मध्ये अपीलातही नाही म्हटलं. कारण साधं आहे: फाइल एका कॉम्प्युटरवरून दुसरीकडे ‘जात’ नाही, तिथे तिची नवी कॉपी तयार होते. आणि कॉपी करायचा हक्क मालकाचा. म्हणजे डिजिटल गोष्टींचं जुना बाजार, रद्दीचं दुकान, अदलाबदल असं काही उभंच राहिलं नाही.

फोनमध्ये नेमकं होतं तरी काय?

नेटफ्लिक्सवर सिनेमा बघताना स्क्रीनशॉट काढून बघितलाय? बहुतेक फोनवर चित्र पूर्ण काळं येतं. त्या काळ्या चौकोनामागे जी यंत्रणा आहे, तिलाच डीआरएम म्हणतात.

सिनेमाची फाइल तुमच्या फोनवर येते तेव्हा ती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असते. ती उघडायची किल्ली फाइलमध्ये नसते. तुम्ही प्ले दाबलं की अ‍ॅप कंपनीच्या लायसन्स सर्व्हरला विचारतं, ‘या अकाउंटला हा सिनेमा बघायची परवानगी आहे का?’ तिकडून हो आलं की किल्ली मिळते आणि चित्र दिसायला लागतं. अँड्रॉइड फोनमध्ये हे काम बहुतेक वेळा गूगलची वाइडवाइन नावाची यंत्रणा करते. तिच्यात पातळ्या असतात. एल१ पातळीच्या फोनमध्ये किल्ली प्रोसेसरच्या सुरक्षित भागातच राहते, बाकीच्या सिस्टीमलाही ती दिसत नाही. फोनमध्ये फक्त एल३ असेल तर नेटफ्लिक्स एचडी दाखवतच नाही, मग स्क्रीन कितीही भारी असो. म्हणून तर नवा फोन घेताना लोक वाइडवाइन एल१ आहे का, हे तपासतात.

आता अ‍ॅपमधल्या ‘डाउनलोड’चं बघा. प्रवासाला निघताना तुम्ही चार भाग डाउनलोड करून ठेवता. फाइल फोनमध्ये आहे, जागाही तुमचीच खाल्ली आहे. पण किल्लीला मुदत असते. मुदत संपली, किंवा कंपनीने तो कार्यक्रम काढून टाकला, की फाइल असूनही उघडत नाही. तिजोरी तुमच्या घरात आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असा हा प्रकार आहे.

ब्लू-रे डिस्कवरही कुलूप असतंच. पण तिथे किल्ली प्लेअरमध्ये असते आणि साध्या सिनेमासाठी प्रत्येक वेळी कुठल्या सर्व्हरला विचारावं लागत नाही. म्हणून कंपनी बंद पडली तरी तुमची डिस्क चालते.

वाद पेटला कशावरून?

पहिला मोठा धक्का २००९ चा. त्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने अनेकांच्या किंडलमधून जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ही विकलेली पुस्तकं दुरूनच पुसून टाकली. ज्याने ती स्टोअरवर टाकली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून हे केलं. पैसे परत दिले. पण एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी पुस्तकात घातलेल्या नोंदीही त्याबरोबर निरुपयोगी झाल्या आणि प्रकरण कोर्टात गेलं. अ‍ॅमेझॉनचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर माफीही मागितली. सरकार पुस्तकं आणि कागद पुसून टाकतं, अशी गोष्ट ज्या कादंबरीत आहे, नेमकी तीच पुसली जावी, यावर लोक अजूनही जोक मारतात.

कॉमिक्सवाल्यांचं दुःख वेगळं आहे. २००७ मध्ये सुरू झालेली कॉमिक्सॉलॉजी ही कंपनी फोनवर कॉमिक्स वाचणाऱ्यांची लाडकी होती. तिच्या अ‍ॅपमध्ये ‘गाइडेड व्ह्यू’ होता. पानावरचं एकेक चित्र क्रमाने मोठं होऊन समोर यायचं, त्यामुळे छोट्या स्क्रीनवरही वाचायला मजा यायची. २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनने ती विकत घेतली. २०२२ च्या फेब्रुवारीत तिची स्वतंत्र वेबसाइट अ‍ॅमेझॉनमध्ये विलीन झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये वेगळं अ‍ॅपही किंडलमध्ये गेलं. घेतलेली कॉमिक्स पुसली गेली नाहीत, पण वर्षानुवर्षं लावलेली लायब्ररी विस्कटली, कॉमिक्स आणि पुस्तकं एकमेकांत मिसळली, दोन पानांवर पसरलेली चित्रं नीट दिसेनात. म्हणजे वस्तू तुमच्याकडेच, पण कपाट दुसऱ्याचं, आणि त्याने ते एका रात्रीत बदललं.

डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांना कळवलं की डिस्कव्हरीचे जे कार्यक्रम त्यांनी विकत घेतलेत, ते ३१ डिसेंबरला लायब्ररीतून जाणार. एक हजाराहून जास्त सीझनची यादी होती ती. प्रचंड ओरडा झाला. मग काही दिवसांतच नवा करार झाल्याचं सांगून सोनीने निर्णय मागे घेतला. पण सगळ्यांना जे कळायचं ते कळून गेलं. तुम्ही विकत घेतलेली गोष्ट दोन कंपन्यांमधल्या करारावर टिकून आहे. करार संपला की खरेदीही संपली.

अ‍ॅनिमेवाल्यांना तर एप्रिल २०२४ विसरणं शक्य नाही. फनिमेशन ही सेवा बंद होऊन तिचा कारभार क्रंचीरोलमध्ये गेला. फनिमेशनच्या डिस्कबरोबर एक कोड यायचा. तो टाकला की डिजिटल कॉपी मिळायची, आणि ती कायमची तुमचीच, असा सूर कंपनीचा होता. सेवा बंद झाली तेव्हा त्या कॉपी दुसरीकडे नेताच आल्या नाहीत. ज्यांनी डिस्क सांभाळून ठेवल्या होत्या, त्यांच्याकडे मालिका राहिली. ज्यांनी ‘डिजिटल आहे की’ म्हणत डिस्क विकून टाकल्या, ते हात चोळत बसले.

आणि गेमिंगमध्ये ठिणगी पडली ती यूबीसॉफ्टच्या ‘द क्रू’मुळे. २०१४ च्या या रेसिंग गेमला एकट्याने खेळतानाही इंटरनेट लागायचं. ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पूर्ण पैसे देऊन घेतलेला गेम, अगदी डिस्क हातात असूनही, चालेनासा झाला. लक्षात घ्या, इथे डिस्कही वाचवू शकली नाही, कारण गेमचा अर्धा जीव सर्व्हरवर होता.

बनला, पण कुणीच बघितला नाही

आता सुपरहिरोंच्या दुनियेतलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. ‘बॅटगर्ल’.

लेस्ली ग्रेस बॅटगर्ल, मायकल कीटन पुन्हा बॅटमॅन, ब्रेंडन फ्रेझर खलनायक. सुमारे ९ कोटी डॉलर खर्चून शूटिंग झालं होतं, एडिटिंग चालू होतं. तेवढ्यात वॉर्नर ब्रदर्स आणि डिस्कव्हरीचं विलीनीकरण झालं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या मालकांनी सांगितलं की हा सिनेमा थिएटरमध्येही येणार नाही आणि अ‍ॅपवरही नाही. तो खर्च तोट्यात दाखवून करात फायदा घ्यायचा, असा हिशोब असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. पुढे डीसी स्टुडिओचे प्रमुख पीटर सॅफ्रन म्हणाले की सिनेमा प्रदर्शित करण्यासारखा नव्हताच.

दिग्दर्शक अदिल एल अर्बी आणि बिलाल फल्लाह यांनी एका मुलाखतीत सांगितलेली आठवण ऐकून वाईट वाटतं. बातमी कळल्यावर एकाने दुसऱ्याला सांगितलं की सर्व्हरवर जा आणि जे दिसेल ते फोनने शूट करून ठेव. पण तोवर त्यांचा अ‍ॅक्सेस काढून घेतला होता. ज्यांनी सिनेमा बनवला त्यांच्याकडेच सिनेमाची कॉपी नाही! रिळांच्या काळात निदान एखादा डबा कुणाच्या तरी कपाटात राहून जायचा. सर्व्हरच्या काळात एका पासवर्डवर सगळं संपतं.

‘क्रेटर’ हा लहान मुलांचा विज्ञानकथा सिनेमा मे २०२३ मध्ये थेट डिस्ने प्लसवर आला आणि सात आठवड्यांत तिथून काढला गेला. ‘कायोटी वर्सेस अ‍ॅक्मी’ हा पूर्ण झालेला सिनेमाही वॉर्नरने २०२३ मध्ये बासनात बांधला होता. पण कलाकार आणि चाहत्यांनी इतका गोंधळ घातला की अखेर २०२५ मध्ये केचम एंटरटेनमेंट या दुसऱ्या कंपनीने तो विकत घेतला. म्हणजे ओरडा केला की कधी कधी उपयोग होतो.

गायब नाही, पण गुपचूप बदललेलं

यातच एक छोटा पण गमतीशीर मुद्दा. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘द मँडलोरियन’च्या एका भागात मागे जीन्स घातलेला क्रूमधला माणूस दिसला. चाहत्यांनी त्याला ‘जीन्स गाय’ म्हणून डोक्यावर घेतलं, मीम्सचा पाऊस पडला. काही दिवसांत तो डिजिटल पद्धतीने पुसला गेला. आज तो भाग लावला तर तिथे कुणीच नाही.

चूक सुधारली, यात काय वाईट? या वेळी काहीच नाही. पण सर्व्हरवरची फाइल बदलली की जगभर सगळ्यांसाठी बदलते आणि जुनी कशी होती याचा अधिकृत पुरावा राहत नाही. ‘स्टार वॉर्स’चे चाहते हे दुखणं फार आधीपासून ओळखतात. जॉर्ज लुकास यांनी १९९७ मध्ये आपल्या जुन्या सिनेमांत बदल केले आणि १९७७ ला लोकांनी थिएटरात बघितलेली आवृत्ती चांगल्या दर्जात मिळेनाशी झाली. शेवटी काही चाहत्यांनी जुन्या ३५ एमएमच्या प्रिंट मिळवून, एकेक फ्रेम स्कॅन करून ‘फोरके७७’ नावाचा प्रकल्पच उभा केला. कायद्याच्या दृष्टीने हे अधिकृत नाही. पण मूळ सिनेमा जपायची धडपड मालकाऐवजी चाहत्यांना करावी लागली, हे खरंच आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकू

सगळं खापर कंपन्यांवर फोडणं सोपं आहे. पण त्यांचेही मुद्दे आहेत.

सर्व्हर चालवायला दर महिन्याला खर्च येतो. दहा वर्षांपूर्वीच्या गेममध्ये मोजके लोक उरले असतील, तर तो खर्च कोण करणार? सिनेमातली गाणी, कलाकारांचे करार, वेगवेगळ्या देशांतले हक्क हे सगळं ठरावीक वर्षांसाठी असतं. त्यातला एक धागा तुटला की सिनेमा काढावा लागतो. अ‍ॅपवर कार्यक्रम ठेवला तर हॉलिवूडमध्ये लेखक-कलाकारांना रेसिड्युअल, म्हणजे पुन्हा दाखवल्याचं मानधन द्यावं लागतं. कुणी बघतच नसेल तर कंपनी तो काढून पैसे वाचवते. अर्थात यात नुकसान लेखक-कलाकारांचंही होतं.

हे सगळं मान्य केलं तरी एक प्रश्न उरतोच. करार संपणार हे माहीत होतं, तर बटणावर ‘बाय’ का लिहिलं?

‘मग आम्ही टेलिग्रामवरून घेतलं तर काय चुकलं?’

‘विकत घेऊनही मालकी मिळत नसेल, तर पायरसी ही चोरी नाही,’ अशा अर्थाचं वाक्य तुम्ही इंग्रजी मीम्समध्ये बघितलं असेल. ऐकायला एकदम पटतं. पण थोडं थांबा.

पैसे घेऊन वस्तू परत नेणं चूक आहे, यावरून फुकट घेणं बरोबर ठरत नाही. टेलिग्रामच्या चॅनलवर परवा रिलीज झालेला मराठी सिनेमा उतरवणारा माणूस कुठल्याही ‘बॅटगर्ल’ला वाचवत नसतो. छोट्या बजेटच्या सिनेमाचं तर पहिल्या आठवड्यावरच सगळं अवलंबून असतं. शिवाय अशा साइट आणि अनोळखी एपीके फाइल्समधून फोनमध्ये मालवेअर शिरतो, तो वेगळाच. आणि कायदा कडक झालाय: २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या दुरुस्तीनुसार थिएटरमध्ये चोरून रेकॉर्डिंग करणं किंवा ते पसरवणं यासाठी किमान तीन महिने ते तीन वर्षं तुरुंगवास आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो.

तरीही या वाक्यामागची चीड खोटी नाही. ती खरी आहे, आणि तिचं उत्तर शोधायचं असेल तर थोडा इतिहास बघायला हवा.

जुनं वाचवतं कोण?

१९६० आणि ७० च्या दशकांत बीबीसीने ‘डॉक्टर हू’च्या कितीतरी टेप पुसून टाकल्या. टेप महाग होत्या, जागा कमी होती आणि जुने भाग पुन्हा कोण बघणार, असा विचार होता. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक भाग हरवले. मग सापडले कसे? काही परदेशी टीव्ही केंद्रांच्या गोदामांतून. २०१३ मध्ये तर नायजेरियात सापडलेल्या नऊ भागांची बातमी जगभर गाजली. आणि जे भाग अजूनही सापडलेले नाहीत त्यांचा आवाज मात्र आपल्याकडे आहे, कारण तेव्हाच्या पोरांनी घरच्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो रेकॉर्ड केला होता.

आपल्या घरचं उदाहरण यापेक्षा जास्त दुखतं. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा. आज त्याची एकही ज्ञात प्रत नाही. पोस्टर आहेत, फोटो आहेत, सिनेमा नाही. पुढच्याच वर्षी आलेला ‘अयोध्येचा राजा’, प्रभातचा आणि व्ही. शांताराम यांचा मराठी बोलपट, आज बघता येतो, कारण त्याची प्रत कुणीतरी सांभाळली. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, तोवर मूकपटांच्या काळातला बहुतेक ठेवा हातातून गेला होता. पी. के. नायर यांनी ठिकठिकाणी फिरून, जुन्या डब्यांतून मिळतील ती रिळं जमवली, म्हणून दादासाहेब फाळक्यांच्या कामाचे काही तुकडे आज आपल्याला दिसतात.

या सगळ्यातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कलाकृती टिकते ती प्रती अनेक हातांत असल्यामुळे. एकाच गोदामात किंवा एकाच सर्व्हरवर असलेली गोष्ट एका आगीत, एका चुकीत किंवा एका हिशोबात संपते. म्हणून डिजिटल मालकीचा वाद हा फक्त तुमच्या दोन-चारशे रुपयांचा नाही. अजून पन्नास वर्षांनी आजचे सिनेमे, कॉमिक्स आणि गेम बघायला मिळतील का, हा खरा प्रश्न आहे.

काही बदलतंय का?

हळूहळू, हो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. ग्राहकाला फक्त लायसन्स मिळणार असेल, तर ते स्पष्ट न सांगता दुकानदाराने डिजिटल वस्तूवर ‘बाय’सारखे शब्द वापरायचे नाहीत. कायदा लागू होण्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीमवर पैसे भरताना ‘तुम्हाला लायसन्स मिळत आहे’ अशा अर्थाची सूचना दिसायला लागली. याने मालकी मिळत नाही, पण निदान खरं तरी कळतं.

‘द क्रू’नंतर सुरू झालेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेला युरोपात दहा लाखांहून जास्त सह्या मिळाल्या. मागणी माफक आहे: सर्व्हर कायम चालू ठेवा असं नाही, पण बंद करताना गेम चालू शकेल अशा अवस्थेत सोडून जा.

भारतात २०२३ मध्ये ग्राहकांना फसवणाऱ्या ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात तेरा प्रकार आहेत, पण ‘बाय’ या शब्दाबद्दल वेगळं काही नाही. तोवर आपली काळजी आपणच घ्यायची.

मग तुम्ही काय कराल?

• एकदाच बघायचा सिनेमा असेल तर रेंट करा. ‘बाय’चे जादा पैसे देऊन कायमची मालकी मिळत नसेल, तर ते पैसे वाचवा.

• जे जिवापाड आवडतं, ते हातात येईल अशा रूपात घ्या. कागदी कॉमिक, डिस्क, छापील पुस्तक. सगळं नको, पण पाच-दहा आवडत्या गोष्टी तरी.

• डीआरएम नसलेली दुकानं शोधा. जीओजीवर गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर डाउनलोड करून ठेवता येतो. काही कॉमिक्स आणि ईबुक्सही डीआरएमशिवाय मिळतात. अशा फाइलची कॉपी हार्ड डिस्कवर ठेवली की ती तुमच्याकडेच राहते.

• अ‍ॅपमधलं ‘डाउनलोड’ म्हणजे बॅकअप नाही, हे लक्षात ठेवा.

• गेम घेण्याआधी बघा: एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागतं का? लागत असेल तर तो गेम कधीतरी बंद पडणार, हे गृहीत धरून किंमत ठरवा.

• तुमच्या सगळ्या खरेद्या एका अकाउंटला बांधलेल्या असतात. ते अकाउंट गेलं की लायब्ररी गेली. म्हणून टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि रिकव्हरी नंबर जुना असेल तर आजच बदला.

• ईबुकमधल्या तुमच्या नोंदी अधूनमधून बाहेर काढून ठेवा. पुस्तक त्यांचं असेल, नोंदी तुमच्या आहेत.

• खरेदीची पावती जपा. काही गायब झालंच तर तक्रार करताना तीच कामाला येते. आणि तक्रार नक्की करा. सोनीने निर्णय फिरवला तो लोक गप्प न बसल्यामुळेच.

जाता जाता

स्ट्रीमिंग वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. ज्या गावात कॉमिक्सचं दुकान कधी नव्हतं, तिथल्या मुलाच्या फोनवर आज ‘स्पायडर-मॅन’पासून ‘वन पीस’पर्यंत सगळं आहे, ते याच तंत्रज्ञानामुळे. फक्त व्यवहार कसला आहे, हे पैसे देण्याआधी आपल्याला माहीत हवं. भाड्याचं घर असेल तर भाड्याचं समजून राहू, काही हरकत नाही. पण भाड्याच्या घराला मालकीच्या घराची किंमत मोजू नका.

आणि माळ्यावर तो जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा असेल ना, या दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत टाकण्याआधी एकदा विचार करा. घरातली ती कदाचित एकमेव लायब्ररी असेल, जी उघडायला कुणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही.